वनाचा साचा आणि प्राण्याचा देह : खानदेशातील अरण्य व वन्यप्राणी यांच्या परस्परसंबंधाचा ऐतिहासिक मागोवा
(विशेष संदर्भ : साक्री तालुका)

प्रस्तावना :

विज्ञानकथा लिहिणारा लेखक एखादा काल्पनिक ग्रह उभा करतो तेव्हा त्यास प्रथम तेथील अरण्य ठरवावे लागते. झाडे उंच व दाट की खुरटी व विरळ, पाऊस बारमाही की चार महिन्यांचा, जमिनीवर गवत की पाचोळा, हे एकदा निश्चित झाले की त्या अरण्यात वावरणाऱ्या भूचर प्राण्याचे पाय, शिंगे, रंग आणि कळप करण्याची सवय ही सर्व बरीचशी आपोआप ठरत जातात. इतिहासाच्या अभ्यासकापुढे हेच काम उलट्या दिशेने येते. त्याच्या हाती प्राण्याचा एखादा अवशेष लागतो. अंड्याचे कवच, हाडाचा तुकडा, धातूची प्रतिमा किंवा सरकारी दप्तरातील शिकारीचा आकडा यांपैकी काहीतरी एक समोर असते, आणि त्यावरून ज्या अरण्याने तो प्राणी पोसला त्या अरण्याचे चित्र त्यास उभे करावयाचे असते.

खानदेशाच्या बाबतीत हे काम विशेष निकडीचे आहे. येथील वनांविषयी लिहिताना ‘पूर्वी येथे घनदाट अरण्य होते, पुढे ते मानवाने तोडले’ असे एक वाक्य सर्रास लिहिले जाते. शालेय पुस्तके, शासकीय अहवाल आणि वृक्षलागवडीच्या कार्यक्रमांतील भाषणे यांतून ते इतक्या वेळा आले आहे की त्यास पुरावा मागण्याची गरज कोणास वाटत नाही. प्रस्तुत निबंधात हे वाक्य प्राण्यांच्या साक्षीने तपासून पाहिले आहे. सातपुडा, सह्याद्रीचे उत्तर टोक आणि अजिंठ्याची रांग यांच्या दरम्यान पसरलेल्या या प्रदेशात वनाचे रूप अनेक वेळा बदलले. ते कधी मागे हटले, तर कधी पुढेही सरकले, आणि प्रत्येक वेळी येथील प्राण्यांची मांडणी बदलली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. उत्क्रांतीची गती लाखो वर्षांची असते. इतिहासाला व पुरातत्त्वाला दिसणाऱ्या वीस-पंचवीस हजार वर्षांत खानदेशात एखादी नवी प्राणिजात घडली असे म्हणता येत नाही. या अवधीत जे घडले ती निवड होय. फार प्राचीन काळी विशिष्ट वनाला अनुरूप होऊन घडलेले देह घेऊन प्राणी येथे आले. वन अनुकूल होते तोवर ते टिकले, आणि ते बदलताच निघून गेले किंवा संपले.

पाटण्याचे शहामृग :

जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात, अजिंठा डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणे हे गाव आहे. भास्कराचार्यांच्या परंपरेशी निगडित शिलालेखामुळे व पाटणादेवीच्या स्थानामुळे ते परिचित आहे. परंतु प्रागैतिहासिक संशोधनात पाटण्याचे महत्त्व निराळ्याच कारणाने आहे. १९७२-७३ मध्ये डॉ. शं. अ. साळी यांनी येथे केलेल्या उत्खननात मध्य पुराश्मयुगापासून आंतराश्मयुगापर्यंतचा क्रम उजेडात आला. त्यातील उत्तर पुराश्मयुगीन थरांत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे व त्यांपासून केलेले मणी मिळाले. एका तुकड्यावर आडव्यातिडव्या रेषांची जाळी कोरलेली आहे. त्याचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा ठरविण्यात आला. भारतातील अन्य ठिकाणच्या कवचांवरील तथाकथित कोरीव रेषा नैसर्गिक झिजेच्या असाव्यात असा आक्षेप पुढे घेण्यात आला. पाटण्याचा तुकडा मात्र त्या आक्षेपातून सुटला. तो माणसानेच कोरला आहे.

खानदेशात शहामृग होते, हे विधान आज ऐकणाऱ्यास कल्पित ग्रहावरील वाटावे असेच आहे. ही कवचे दूरदेशाहून आणलेली असतील, अशी शंकाही घेता येते. तथापि राजस्थान, मध्य प्रदेश व महाराष्ट्र या प्रदेशांत अशी कवचे चाळीसहून अधिक ठिकाणी आढळली आहेत. २०१७ मध्ये हैदराबाद येथील सेल्युलर व आण्विक जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासात राजस्थान व मध्य प्रदेशातील कवचांमधून प्राचीन डी.एन.ए. मिळविण्यात आला, आणि तो आफ्रिकेतील शहामृगाशी निकटचे नाते सांगणारा निघाला. तेव्हा हा पक्षी भारतीय द्वीपकल्पात राहत होता, याविषयी आता वाद उरलेला नाही.

शहामृगाच्या देहाची साक्ष येथे महत्त्वाची आहे. त्यास उडता येत नाही. उंच मान, दूरवर पाहणारे मोठे डोळे आणि दोन बोटांचे धावणारे पाय ही सारी मोकळ्या गवताळ प्रदेशाची देणगी होय. दाट झाडीत या देहाचा काही उपयोग नाही, उलट तो अडचणच ठरेल. म्हणजे पाटण्याच्या शिकाऱ्याभोवती जे वन होते ते विरळ झाडांचे, गवताचे आणि बऱ्याच अंशी कोरडे होते. हा काळ शेवटच्या हिमयुगाचा. समुद्राची पातळी उतरलेली होती आणि मोसमी पाऊस क्षीण झालेला होता. आज पाटण्याभोवती गौताळा-औट्रमघाट अभयारण्याची शुष्क पानझडी झाडी आहे, आणि पावसाळ्यात तेथे गेलेल्या पर्यटकास हे रान अनादी काळापासून असेच असावे असे वाटते. त्याच भूमीतील कवचाचा तुकडा मात्र निराळे सांगतो.

हिमयुग सरल्यावर, साधारणतः दहा हजार वर्षांपूर्वीपासून, पाऊस पुन्हा वाढू लागला. झाडी दाटली. शहामृग मात्र त्यापूर्वीच, किंवा त्या सुमारास, नाहीसे झाले. ते हवामानाने संपविले की अंडी गोळा करणाऱ्या माणसाने, हा प्रश्न सोडविण्याइतका पुरावा अद्याप हाती नाही. मणी करण्याची हौस एखाद्या प्राण्याच्या मुळावर येऊ शकते, एवढे येथे नमूद करणे पुरे.

कान नदीकाठचे गाव आणि दायमाबादचा गेंडा :

साक्री तालुक्यातील कावठे हे स्थळ ताम्रपाषाणयुगीन सावळदा संस्कृतीच्या अभ्यासात मोलाचे मानले जाते. डॉ. म. के. ढवळीकर, डॉ. वसंत शिंदे व डॉ. शुभांगना अत्रे यांनी येथील उत्खननाचा वृत्तांत १९९० मध्ये प्रसिद्ध केला. इसवी सनापूर्वी सुमारे २००० च्या आसपासची ही वस्ती होय. खड्ड्यांच्या झोपड्यांत राहणारे, शेती व पशुपालन करणारे, जोडीला शिकारीवर व मासेमारीवर गुजराण करणारे हे लोक होते. आज कान नदीच्या काठाने साक्रीकडे येणाऱ्या माणसास दोन्ही बाजूंना शेते दिसतात. चार हजार वर्षांपूर्वी तेथे शेत व रान यांची सरमिसळ होती. साक्रीच्या भूमीवर नांगर आणि शिकारीचे हत्यार ही दोन्ही एकाच घरात होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘आधी निखळ अरण्य, मग निखळ शेती’ ही पायऱ्यांची कल्पना येथे लागू पडत नाही.

सावळदा संस्कृतीचाच सर्वांत खालचा थर प्रवरेकाठच्या दायमाबाद येथेही मिळाला. तेथे १९७४ मध्ये एका भिल्ल रहिवाशाला झाडाचे खोड खणताना चार धातुशिल्पे सापडली. बैलांचा रथ, हत्ती, म्हैस आणि गेंडा. यांचे एकत्रित वजन साठ किलोहून अधिक आहे. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत आणि ती तेथेच घडविली गेली की अन्य कोठून आली हेही निर्विवाद नाही. म्हणून या शिल्पांवरून ‘प्रवरेच्या काठी गेंडे चरत होते’ असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. परंतु गुजरातेतील लांघणज येथे गेंड्याचे प्रत्यक्ष हाड मिळालेले आहे. पश्चिम भारताचा माणूस गेंडा ऐकून नव्हे तर पाहून ओळखत होता, एवढे त्यावरून म्हणता येते. गेंड्यास पाणथळ, उंच गवत आणि चिखल लागतो. त्याची जाड कातडी व ठेंगणे पाय त्याच भूमीशी जुळलेले आहेत. शहामृगाचे कोरडे माळरान आणि गेंड्याची ओली गवताळ नदीथडी ही दोन्ही चित्रे पश्चिम भारताच्याच भूमीची, केवळ वीस हजार वर्षांच्या अंतराची आहेत.

हत्तीच्या बाबतीत तर लिखित पुरावाही आहे. अकबराच्या काळातील आईन-इ-अकबरीत माळवा सुभ्यातील बिजागड व हंडिया या सरकारांच्या वर्णनात रानटी हत्तींचा उल्लेख येतो. बिजागड म्हणजे सातपुड्याच्या पलीकडचा, खानदेशाला लागून असलेला मुलूख. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खानदेश गॅझेटिअरमधील वन्यप्राण्यांच्या वर्णनात मात्र रानटी हत्ती नाही. वाघ आहे, बिबट्या आहे, अस्वल आहे, सातपुड्यातील गवा आहे. सुमारे तीनशे वर्षांत येथील सर्वांत मोठा भूचर प्राणी कोणीही विशेष दखल न घेता नाहीसा झाला. एखादी लढाई झाली असती तर तिच्यावर बखर लिहिली गेली असती.

चार शिंगे कशासाठी :

प्राण्याच्या देहावरून वन वाचण्याची ही पद्धती अधिक स्पष्ट व्हावी म्हणून दोन जिवंत प्राण्यांची तुलना उपयोगी पडेल. काळवीट आणि चौशिंगा हे दोन्ही कुरंगवर्गातील, दोन्ही भारतीय उपखंडाचेच. काळवीट हा मोकळ्या माळाचा. लांब पिळदार शिंगे, नराचा दुरूनही उठून दिसणारा काळा-पांढरा रंग, मोठे कळप आणि अतिशय वेगवान धाव. लपण्यास जागाच नसल्याने अनेक डोळ्यांनी शत्रू हेरणे व पळणे हाच त्याचा बचाव आहे. चौशिंगा याच्या नेमका उलट आहे. उंची जेमतेम दोन फूट, रंग पाचोळ्यासारखा तपकिरी. कळप नाही, एकटा किंवा दुकटा वावर. डोंगरउतारावरील पानझडी झाडीत, पाण्यापासून फार दूर न जाता तो राहतो, आणि धोका दिसताच गवतात दबून बसतो. नराच्या डोक्यावर मागे दोन व पुढे दोन अशी चार आखूड शिंगे असतात. पुढची जोडी तर बोटाच्या पेरांएवढीच. नेहमी चार शिंगे असणारा वन्य खूरधारी प्राणी साऱ्या जगात हा एकच. काल्पनिक ग्रहासाठी चित्र काढावयास सांगितलेल्या मुलानेही कदाचित असाच प्राणी काढला असता.

आफ्रिकेतील कुरंगांचा अभ्यास करून पी. जे. जार्मन यांनी १९७४ मध्ये असा सिद्धान्त मांडला होता की, लहान देहाचे, निवडक पाला-फळे खाणारे प्राणी झाडीत एकेकटे राहतात, आणि मोठ्या देहाचे, गवतावर जगणारे प्राणी मोकळ्यावर कळपाने राहतात. म्हणजे आहार, देह आणि समाजरचना या तिन्हींचा धागा वनस्पतींच्या रचनेशी बांधलेला आहे. काळवीट व चौशिंगा यांस हा सिद्धान्त चांगला लागू पडतो. चौशिंग्याचा सर्वांत जवळचा नातलग मात्र रोही, म्हणजे नीलगाय. एकेकाळी आशियात, शिवालिकच्या जीवाश्मांतून दिसते त्याप्रमाणे, या कुळाच्या अनेक जाती होत्या. आज जगात उरल्या त्या दोनच, आणि दोन्ही खानदेशाच्या परिचयाच्या आहेत. त्यांतील एक झुडपी रानात उंच व धिप्पाड झाली आणि दुसरी झाडीत ठेंगणी राहिली.

साक्री तालुक्याचा नकाशा समोर ठेवला तर या दोन्ही प्रकारच्या देहांना जागा देणारी भूमी एकाच तालुक्यात दिसते. पश्चिमेस पिंपळनेरच्या पुढे सह्याद्रीचे फाटे, साग, धावडा, ऐन, मोह यांची झाडी. पलीकडे नवापूर आणि डांग, जेथे पाऊस १००० मि.मी.हून अधिक पडतो. पूर्वेस निजामपूर-जैताणे, दुसाणे, बळसाणे या बाजूचा कोरडा उंचवटा, बोर-बाभूळ-हिवराचा. तेथून शिंदखेड्याकडे जाताना पाऊस ६०० मि.मी.च्या आसपास उतरतो. या पूर्वेकडील भागास लोक ‘माळमाथा’ म्हणतात. हे नाव कोणत्याही गॅझेटिअरकाराने दिलेले नाही. येथील लोकांनीच ही भूमी माळ म्हणून ओळखली, उजाड झालेले अरण्य म्हणून नव्हे.

ओस गावे आणि वाघ :

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीचा खानदेश हा प्रस्तुत विषयाचा सर्वांत बोलका अध्याय होय. १८०२ पासून होळकर-शिंदे संघर्षातील सैन्यांनी हा प्रांत तुडविला. त्यापाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ आला. पेंढाऱ्यांचा व अरब शिबंदीचा उपद्रव वेगळाच. गावेच्या गावे उठून गुजरातेत व इतरत्र गेली. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्या ताब्यात आलेला मुलूख बराचसा ओस होता. पेशव्यांकडून जिंकलेल्या प्रदेशाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ मध्ये सादर केलेल्या अहवालात खानदेशाच्या मोठ्या भागावर दाट झाडी माजली असल्याचे, तीत वाघांचा सुळसुळाट असल्याचे आणि त्या झाडीत जुन्या गावांचे अवशेष दिसत असल्याचे वर्णन आहे.

या वर्णनातील शेवटचा तपशील सर्वाधिक महत्त्वाचा. झाडीत गावांचे अवशेष होते, म्हणजे ही झाडी गावांनंतरची होती. नांगर थांबलेल्या काळ्या जमिनीवर प्रथम गवत येते. मग बोर, बाभूळ, पळस यांची झुडपे येतात. ओस पडलेल्या आमराया व पडक्या विहिरी सावली व पाणी पुरवितात. असा मोडका, अर्धा मोकळा, अर्धा झाकलेला प्रदेश रानडुकरे, चितळ व रोही यांना फार मानवतो, आणि त्यांच्यामागे वाघ येतो. अंगावरील उभे काळे पट्टे उंच पिवळ्या गवतात मिसळून जाणारे, लांबवर पाठलाग न करता दबा धरून एका झेपेत भक्ष्य धरणारा हा प्राणी. त्यास अशी भूमी म्हणजे पर्वणीच. १८२२ साली खानदेशात हिंस्र श्वापदांनी ५०० माणसे व २०,००० गुरे मारल्याची नोंद इंग्रजी कागदपत्रांतून पुढे गॅझेटिअरपर्यंत आली आहे. हे आकडे गोल आहेत, आणि नव्या राजवटीला मागील राजवटीची दुर्दशा ठळक दाखविण्यात रस होता, हे विसरून चालणार नाही. तरीही त्यांतील गुरांचा आकडा विचार करावयास लावतो. हजारोंनी गुरे मारली जात होती याचा अर्थ हजारोंनी गुरे त्या रानात चरत होती. हे निर्मनुष्य अरण्य नव्हते. ते गवळ्यांचे, भिल्लांचे, परतू पाहणाऱ्या कुणब्यांचे रान होते.

१८२५ मध्ये जेम्स आउट्रम यांनी धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली. त्यांच्या चरित्रात १८२५ ते १८३४ या काळात ते १९१ वाघांच्या शिकारीत सहभागी असल्याचा हिशेब दिलेला आहे. एका अधिकाऱ्याच्या वाट्याचा हा आकडा. वाघ मारणे आणि भिल्लांना ‘वठणीवर’ आणणे ही दोन्ही कामे त्या काळच्या पत्रव्यवहारात जवळजवळ एकाच सुरात लिहिली जातात, ही गोष्ट अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये. दोघांचाही अपराध एकच मानला गेला. ज्या जमिनीतून सारा यावयास हवा, ती जमीन त्यांनी झाडीखाली ठेवली होती. पुढे वसाहत वाढली, कापूस वाढला, रेल्वे आली आणि १८७८ च्या वन अधिनियमानंतर उरलेले रान राखीव झाले. झाडी तुटली हे खरेच आहे. परंतु जी तुटली तिचा मोठा हिस्सा फार तर दोन पिढ्यांचा होता. वने आणि वसाहत यांच्या सीमा पश्चिम भारतात मागे-पुढे सरकत राहिल्या, हे मत सुमित गुहा यांनी १९९९ मधील आपल्या ग्रंथात साधार मांडले आहे. खानदेशचा वाघ त्याच मताची पुष्टी करतो.

साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात वाघ आता नित्याचा रहिवासी नाही. वाघदेव मात्र आहे. कोकणा, मावची व भिल्ल वस्त्यांच्या परिसरात वाघदेवाची पूजा होते, आणि वाघबारस पाळली जाते. गुरांचे रक्षण व्हावे म्हणून ज्याच्यापासून भय त्यालाच देव करून शिवेवर बसविण्याची ही रीत आहे. ज्या अधिकाऱ्यांनी वाघाचा हिशेब फक्त संख्येत ठेवला त्यांच्या शेजारीच राहणारे हे लोक वाघाशी करार करून राहत होते, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही. या कराराची कागदपत्रे लाकडात व दगडात आहेत, म्हणून ती इतिहासाच्या पुस्तकांत फारशी आलेली नाहीत.

रानपिंगळा : एक खरा पक्षी व एक खोटी नोंद :

वन्यप्राण्यांच्या इतिहासात नोंदींची चिकित्सा किती आवश्यक आहे, याचे जगभर गाजलेले उदाहरण खानदेशातच घडले आहे. रानपिंगळा हा लहान चणीचा, दिवसाढवळ्या शिकार करणारा घुबडवर्गीय पक्षी भूचर नसला तरी शुष्क पानझडी सागवनाला इतका बांधलेला आहे की प्रस्तुत विषयात त्यास वगळता येत नाही. त्याचे पंजे मोठे व दणकट असून सरडे व सापसुरळ्या हे त्याचे मुख्य खाद्य आहे. पानगळीनंतर उन्हात निघणारे हे भक्ष्य उघड्या फांदीवर बसून टिपावयाचे, ही त्याची पद्धत. दाट सदाहरित वनात ती चालत नाही.

या पक्ष्याचा पहिला नमुना १८७२ मध्ये मध्य भारतात मिळाला आणि १८७३ मध्ये ए. ओ. ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. काँग्रेसच्या स्थापनेमुळे परिचित असलेले ह्यूम तेच. त्यानंतर पश्चिम खानदेशात नोकरीस असलेल्या जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने शहादे-तळोदे परिसरात काही नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी दिसेनासा झाला. अपवाद एकच होता. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज कर्नलच्या संग्रहातील एका नमुन्यावर, तो १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवी येथे मिळाल्याची चिठ्ठी होती. ही चिठ्ठी खोटी निघाली. पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की, हा नमुना डेव्हिडसन यांनीच जमविलेल्या नमुन्यांपैकी चोरलेला होता व त्यावर नवे स्थळ-काळ चढविलेले होते. म्हणजे एका खऱ्या पक्ष्याला काल्पनिक चरित्र देण्यात आले, आणि त्या चरित्रावर विसंबून नंतरच्या संशोधकांनी नको त्या ठिकाणी शोध घेतला.

मांडवीची नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवला तेव्हाच रानपिंगळा सापडला. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांना तो शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, ११३ वर्षांनी दिसला. पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट, मध्य प्रदेशातील खंडवा परिसर आणि तानसा येथेही त्याचे अस्तित्व नोंदविले गेले. २०१८ मध्ये त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’ वरून ‘संकटग्रस्त’ असा बदलण्यात आला. हा पक्षी एका शतकाहून अधिक काळ त्या सागवनात होताच. तेथे राहणाऱ्या पावरा व भिल्ल कुटुंबांच्या डोक्यावरून तो रोज उडत असणार. त्यांना कोणी विचारले नव्हते, हा या प्रकरणातील कमी चर्चिला जाणारा भाग.

माळमाथ्याचा प्रश्न :

या साऱ्या ऊहापोहाचा संबंध आजच्या साक्रीशी येतो तो जमिनीच्या वर्गीकरणातून. इंग्रजी महसुली पद्धतीत जी जमीन सारा देत नाही ती पडीक ठरली. स्वातंत्र्यानंतर हीच दृष्टी कायम राहिली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या भारताच्या पडीक जमीन नकाशासंग्रहात झुडपी माळांची गणना पडीक भूमीतच होते. जेथे झाडी नाही तेथे काही बिघडले आहे, आणि ते दुरुस्त करण्यासाठी झाडे लावली पाहिजेत किंवा ती जमीन अन्य उपयोगास दिली पाहिजे, असा निष्कर्ष मग सहज निघतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचा मोठा प्रकल्प उभा राहिला आणि २०१३ मध्ये शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला. विजेची गरज निर्विवाद आहे व या प्रकल्पांच्या गुणदोषांची चर्चा हा प्रस्तुत निबंधाचा विषय नाही. मात्र ‘रिकामी जागा’ हा शब्दप्रयोग येथे तपासला पाहिजे.

पाटण्याच्या शहामृगाची साक्ष मानली तर खानदेशातील मोकळा माळ हा किमान पंचवीस हजार वर्षांचा, कमी-अधिक होत आलेला, पण जुना अधिवास आहे. काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, तणमोर व माळढोक यांचे देह अशाच भूमीवर घडले आहेत. त्यांना सावली नको असते, दृष्टी मोकळी हवी असते. अशा माळावर दाट लागवड करणे म्हणजे चौशिंग्याच्या डोंगरउतारावरील झाडी तोडण्याइतकेच त्या प्राण्यांना घातक होय. याउलट पश्चिमेकडील सागवनात झाड तोडणे घातक आहे. एकाच तालुक्यात दोन निराळे न्याय लावावे लागतील, आणि एकाच उद्दिष्टाचा आकडा वरून खाली पाठविणाऱ्या व्यवस्थेस हे अवघड जाते. दरवर्षी किती खड्डे खणले याचा हिशेब ठेवता येतो. किती माळ राखला याचा रकाना अजून छापलेला नाही.

माळाचे जाणते लोक तालुक्यातच आहेत. ठेलारी धनगर पावसाळ्यानंतर मेंढ्या घेऊन बाहेर पडतात व पुन्हा पावसाच्या तोंडावर परततात. कोणत्या माळावर कोणते गवत कधी येते, लांडग्याची वाट कोणती, कोणत्या नाल्यात तरसाची बिळे आहेत, हे त्यांना वडीलधाऱ्यांकडून मिळालेले ज्ञान आहे. साक्री तालुक्याच्या जुन्या मोजणीचे कागद, गावोगावची कुरणे, गायराने व पोटखराब्याच्या नोंदी या ठेलाऱ्यांच्या आठवणींशी ताडून पाहण्याचे काम अद्याप झालेले नाही. कागदावर जो तुकडा पोटखराबा म्हणून नोंदला आहे तोच नेमका मेंढवाड्याचा आणि लांडग्याचा मुक्काम असल्याचे आढळण्याचा बराच संभव आहे. असे ताडून पाहावयाचे तर ते लवकर करावे लागेल, कारण पायी वाटा चालणारे वाडे वर्षागणिक कमी होत आहेत आणि जुन्या मोजणीच्या नकाशांची कापडेही विरत चालली आहेत.